नव्या फिशटँकचे पाणी वारंवार दुधाळ का होते आणि अशा वेळी काय करावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एका कुटुंबाने कुर्ल्याच्या बाजारातून दोन फुटी फिशटँक आणला, तळाशी रंगीत खडे पसरले, नळाचे पाणी भरले, आत बसणारा छोटा फिल्टर सुरू केला आणि त्याच संध्याकाळी चार गोल्डफिश व दोन मॉली सोडल्या. तिसऱ्या दिवशी पाण्यावर पांढुरकी झाक आली आणि पाचव्या दिवशी मागच्या काचेला लावलेले चित्रही दिसेनासे झाले. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी सगळे पाणी काढले, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि टँक पुन्हा भरला. दोन दिवस पाणी स्वच्छ राहिले, मग पुन्हा तेच. हा प्रकार दोनदा झाला असून आता एक गोल्डफिश सतत पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतो. फिल्टर बदलावा का, दुकानात मिळणारे निळे औषध टाकावे का आणि मुळात नळाचे पाणीच खराब आहे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

तिन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. दिलेल्या वर्णनावरून हे पाणी जिवाणूंच्या वाढीमुळे दुधाळ झालेले दिसते आणि सगळे पाणी काढून टँक धुण्याचा जो उपाय केला गेला, त्यामुळेच ते पुनःपुन्हा होत आहे. मात्र वर येऊन श्वास घेणारा मासा ही गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही. बाकीचे उत्तर वाचण्याआधी एअर पंप लावावा किंवा फिल्टरच्या पाण्याचा झोत वर वळवून पृष्ठभाग हलता ठेवावा आणि आज व उद्या माशांना दाणे अजिबात घालू नयेत.

आता मूळ मुद्दा. पाणी गढूळ होण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो, त्यामुळे आधी आपल्याकडे नेमके काय झाले आहे ते ओळखावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. काचेचा साधा पारदर्शक पेला टँकमधल्या पाण्याने भरून टेबलावर ठेवावा आणि त्याच्यामागे पांढरा कागद धरून पाहावे. एक-दोन मिनिटांतच पाणी स्वच्छ झाले, तर ते हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे होते. फिल्टरमध्ये कुठून तरी हवा खेचली जात आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याने माशांना काही होत नाही. काही तासांनी पेल्याच्या तळाशी बारीक थर बसला आणि वरचे पाणी निवळले, तर तो खड्यांचा किंवा वाळूचा धुरळा आहे. पाण्यात हिरवट छटा असेल तर ते शेवाळ आहे आणि त्याचे कारण बहुधा जवळची खिडकी किंवा दहा-बारा तास चालणारा दिवा हे असते. चहासारखा पिवळा-तपकिरी पण पारदर्शक रंग असेल, तर टँकमध्ये ठेवलेल्या लाकडातून टॅनिन उतरत आहे. त्याला गढूळपणा म्हणताच येणार नाही आणि बऱ्याच माशांना तो मानवतो. पेला रात्रभर ठेवूनही पाणी तितकेच धुकट राहिले, तळाशी काही बसले नाही आणि रंग ताकाच्या निवळीसारखा असेल, तर ते जिवाणू आहेत. ते इतके लहान असतात की आपल्या वजनाने खाली बसत नाहीत आणि स्पंजच्या छिद्रांतून सहज पार होतात.

वेळेवरूनही बरेच कळते. पाणी भरताक्षणी आलेला गढूळपणा धुरळ्याचा असतो. बाजारात पिशवीतून मिळणारे रंगीत खडे फारच धुळीचे असतात, आणि ते बादलीत घालून, हाताने घोळवून, वरचे पाणी नितळ येईपर्यंत धुतले नाहीत तर पहिले दोन दिवस टँक धुरकट राहतो. त्यावर उपाय म्हणजे फिल्टरमध्ये पांढऱ्या कापसाचा एक जादा थर घालून थांबणे. इमारतीला टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येत असेल, तर आणखी एक शक्यता असते. असे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते, आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत निघून पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी) वाढला की कॅल्शियमचे क्षार सुटे होऊन पाणी चुना कालवल्यासारखे पांढुरके दिसते. काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरे पापुद्रे धरत असतील, तर ही शंका घ्यावी. प्रस्तुत प्रश्नात मात्र गढूळपणा तिसऱ्या दिवशी सुरू झाला, पाचव्या दिवशी शिगेला पोहोचला आणि पाणी बदलल्यावर त्याच क्रमाने परत आला. धुरळा किंवा क्षार असे वागत नाहीत, अन्न मिळालेले सजीवच असे वागतात.

हे जिवाणू येतात कुठून आणि जगतात कशावर, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. माशांची विष्ठा, न खाल्लेले दाणे, खड्यांवरची आणि नव्या सामानावरची सेंद्रिय घाण यांवर जगणारे जिवाणू हवेत, पाण्यात, माशांच्या अंगावर सगळीकडे असतात. नव्या टँकमध्ये त्यांना अन्न भरपूर मिळते आणि स्पर्धक कोणीच नसतो. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ दिसू लागते. पण टँकच्या आरोग्यासाठी ज्यांची खरी गरज असते, ते जिवाणू निराळे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी असतात, नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि थोडे थोडे पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते. फिशटँकचा छंद असणारे लोक टँक ‘सायकल’ झाला असे म्हणतात, ते ही साखळी पूर्ण झाल्यावर.

अडचण अशी की हे कामाचे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस, काही वेळा त्याहूनही अधिक काळ लागतो. शिवाय ते पाण्यात तरंगत नाहीत. स्पंज, खडे, काच, फिल्टरमधील चिनी मातीच्या नळ्या अशा पृष्ठभागांवर बुळबुळीत थर करून राहतात. आता संपूर्ण सफाईचा परिणाम पाहावा. पाणी टाकून दिल्याने तरंगणारे जिवाणू गेले, पण ते दोन दिवसांत पुन्हा वाढणारच होते, कारण त्यांचे अन्न देणारे मासे आणि दाणे तसेच राहिले. उलट खडे आणि स्पंज क्लोरीनच्या पाण्याने धुतल्यामुळे सावकाश वाढणारे, जेमतेम मूळ धरू लागलेले जिवाणू मेले. म्हणजे ज्यांना घालवायचे होते ते दोन दिवसांत परतले आणि जे टिकायला हवे होते त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दोन वेळा धुतलेला हा टँक दिनदर्शिकेप्रमाणे काही आठवड्यांचा असला, तरी जिवाणूंच्या हिशेबाने शेवटच्या सफाईच्या दिवशी सुरू झालेला आहे.

दुधाळ पाणी दिसायला वाईट असले तरी माशांना थेट मारत नाही. मासे मरतात ते त्यासोबत येणाऱ्या दोन गोष्टींनी, आणि मुंबईत त्या दोन्हींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली गोष्ट प्राणवायूची. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात फार तर लिटरला साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर २० अंशांना तो नऊ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद खोलीतल्या टँकचे पाणी सहज ३० अंशांपर्यंत जाते. त्यात जिवाणूंची प्रचंड संख्याही तोच प्राणवायू वापरते आणि गोल्डफिश तर मुळात थंड पाण्याचा मासा आहे. म्हणून पहाटेच्या सुमारास मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात. मुंबईच्या घरांत एक सवय मी अनेकदा पाहिली आहे. टँक बाहेरच्या खोलीत असतो, त्याच खोलीत घरातले दोघे-तिघे झोपतात, आणि फिल्टरच्या घुरघुरीने झोप लागत नाही म्हणून रात्री अकराला बटण बंद करून सकाळी सातला चालू केले जाते. कोणी विजेच्या बिलाचे कारण सांगतात. पण दहा वॅटचा फिल्टर आणि पाच वॅटचा एअर पंप अखंड चालला तरी महिन्याला दहा-अकरा युनिटच होतात. फिल्टर आठ तास बंद राहिला, तर स्पंजमध्ये कोंडलेल्या पाण्यातील प्राणवायू संपतो आणि आत वसलेले जिवाणू गुदमरू लागतात. आवाजाचाच त्रास असेल तर एअर पंपाखाली जाड फोमचा तुकडा ठेवावा किंवा तो भिंतीला टेकणार नाही असा टांगावा, आणि फिल्टरच्या पंख्यात अडकलेला खडा काढून पाहावा. तेवढ्याने बहुतेक घुरघुर थांबते.

दुसरी गोष्ट अमोनियाची, आणि ती अधिक घातक आहे, कारण ती दिसत नाही. काचेसारखे स्वच्छ पाणीही अमोनियाने भरलेले असू शकते. म्हणून निळे औषध, पाणी निवळणारे द्रव आणि जिवाणूंच्या बाटल्या यांवर खर्च करण्याऐवजी थेंब टाकून रंग पाहण्याचे अमोनियाचे आणि नायट्राइटचे टेस्ट किट घ्यावे. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचे किट अधिक भरवशाचे असते. ही किटे साधारणपणे एकूण अमोनिया दाखवतात, पण त्यातला विषारी भाग पीएच आणि तापमान यांवर ठरतो. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम पाऊण टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर तोच भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास नऊपट. लिटरला एक मिलिग्रॅम हे वाचन पहिल्या टँकमध्ये काळजीचे आहे, तर दुसऱ्यात त्याच दिवशी हालचाल करायला लावणारे आहे.

इथे मुंबईच्या पाण्याचा विषय येतो. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणेवरील धरणे, विहार आणि तुळशी अशा पावसाने भरणाऱ्या जलाशयांतून येते आणि शुद्धीकरणानंतर त्यात क्लोरीन घातलेला असतो. ते पिण्यासाठी उत्तम आहे आणि माशांसाठीही चांगलेच आहे, फक्त क्लोरीन काढला पाहिजे. जलाशयांचे हे पाणी साधारणतः मऊ असते, म्हणजे त्यात क्षार कमी असतात आणि आम्लता पेलण्याची ताकदही कमी असते. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, त्यामुळे मऊ पाण्याच्या टँकमध्ये पीएच काही आठवड्यांत हळूहळू उतरतो. तो साडेसहाच्या खाली गेला की नायट्रीकरणाचे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम मंदावते, आणि सहाच्या आसपास जवळपास थांबते. मग मालकाला वाटते की सगळे नीट केले, तरी अमोनिया कमी का होत नाही. अशा वेळी फिल्टरमध्ये मूठभर स्वच्छ धुतलेले शिंपल्यांचे किंवा प्रवाळाचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून ठेवावेत. ते सावकाश विरघळून पीएच सावरतात. मात्र पीएच खूप उतरलेला असताना एका दमात निम्म्याहून अधिक नवे पाणी घालणे धोक्याचे ठरते. नव्या पाण्याने पीएच एकदम वर जातो आणि तोवर निरुपद्रवी रूपात असलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. ‘पाणी बदलले आणि तासाभरात मासे मेले’ अशा ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी काहींमागे क्लोरीन नसून हेच असते.

आता या टँकचे पुढील काही आठवडे कसे चालवावेत ते सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे सत्तर लिटर पाणी मावते. खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता साठ लिटर धरावे. रोज अमोनिया तपासावा. तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर असेल, तर त्या दिवशी पंधरा लिटर, म्हणजे एक बादलीभर पाणी बदलावे. त्याहून कमी असेल तर पाण्याला हात लावू नये, मग ते कितीही दुधाळ दिसो. पाणी काढताना नळीने तळाशी साचलेली विष्ठा आणि दाणे ओढून घ्यावेत, कारण जिवाणूंचे अन्न तेच आहे. मासे बाहेर काढू नयेत. भरायचे पाणी बादलीत घेऊन त्यात आधी अँटी-क्लोरीन घालावे, ढवळावे, हाताला टँकइतकेच कोमट लागते का ते पाहावे आणि मग मगाने सावकाश ओतावे. अँटी-क्लोरीन नसेल तर बादली उघडी ठेवून त्यात एअर पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा दगड दिवसभर सोडून ठेवला तरी क्लोरीन उडून जातो. फिल्टरचा स्पंज पहिला महिनाभर धुवूच नये. पाण्याचा झोत अगदी मंदावला, तरच टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात तो दोन-तीनदा हलकेच पिळावा; नळाखाली कधीही धरू नये.

खाण्याबाबत मी कठोर आहे. निरोगी, वाढलेल्या माशाला दोन-तीन दिवस उपाशी ठेवल्याने काही होत नाही. त्यानंतर दिवसातून एकदाच, मासे एक-दोन मिनिटांत संपवतील इतकेच दाणे घालावेत. घरात लहान मुले असतील तर दाण्यांचा डबा त्यांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, आणि आजोबा सकाळी, नात दुपारी, आई संध्याकाळी असे तिघे वेगवेगळे दाणे घालत नाहीत ना, याची खात्री करावी. गोल्डफिश काचेजवळ येऊन तोंड हलवतो म्हणजे तो भुकेला आहे असे समजू नये. तो कायमच तसे करतो. गणपतीत गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली आणि दाण्यांचा डबा सोपवणे हेही तितकेच जोखमीचे असते. चार दिवसांसाठी जाणार असाल तर काहीच न घालणे उत्तम. अधिक दिवस असतील तर प्रत्येक दिवसाचे दाणे कागदाच्या वेगळ्या पुडीत बांधून द्यावेत आणि उरलेला डबा कपाटात ठेवावा.

या काळात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट विकत मिळत नाही. ओळखीत कोणाचा सहा महिने ते वर्षभर नीट चाललेला, रोग नसलेला टँक असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज किंवा त्याचा तळहाताएवढा तुकडा मागून आणावा. तो त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून पिशवीत आणावा, वाटेत सुकू देऊ नये, आणि एक-दोन तासांत आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. विरजण टाकल्यावर दही लागायला वेळ लागत नाही, तसेच इथेही घडते; एरवी चार ते सहा आठवडे लागणारी प्रक्रिया बरीच लवकर उरकते. तो स्पंज काळपट, बुळबुळीत असला तरी अजिबात धुऊ नये. दुकानात मिळणारी जिवाणूंची बाटली काही वेळा मदत करते, पण उन्हात किंवा तापलेल्या गोदामात राहिलेल्या बाटलीत जिवंत काय उरले आहे हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे ती घ्यायचीच असेल तर तारीख पाहून घ्यावी, आणि ती घातली म्हणून अमोनिया तपासणे थांबवू नये.

आता ज्या गोष्टी करू नयेत त्यांविषयी. निळे औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्ल्यू. माशाच्या अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून किंवा आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून उपचार करताना ते उपयोगी असते, परंतु मुख्य टँकमध्ये घातल्यास ते नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना मारते, पाणवनस्पतींना इजा करते आणि काचेच्या सांध्यातील सिलिकॉनला कायमचा निळा डाग पाडते. प्रस्तुत टँकमध्ये रोग नाही, त्यामुळे औषधही नको. पाणी निवळणारे द्रव धुरळ्यावर चांगले चालते, कारण ते बारीक कण एकत्र आणून फिल्टरला पकडता येतील असे मोठे करते. जिवाणूंवर मात्र त्याचा परिणाम तात्पुरता असतो, आणि ज्या माशांना आधीच श्वास घ्यायला त्रास होत आहे त्यांच्या कल्ल्यांवर आणखी भार नको. अतिनील दिव्याचा फिल्टर हिरव्या पाण्यावर हमखास गुणकारी आहे, आणि दुधाळपणाही त्याने कमी होतो. पण अमोनिया तसाच राहतो, त्यामुळे केवळ पाणी स्वच्छ दिसू लागले म्हणून निर्धास्त होण्याचा धोका त्यात आहे.

तुरटीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवण्याची आपल्या घरांतली सवय जुनी आहे आणि घरातले वडीलधारे हमखास तीच सुचवतात. तुरटी पाण्यातील मातीचे कण खाली बसवते, ते करताना पाण्याची आम्लता पेलण्याची ताकद खर्च करते. आपले पाणी मुळातच मऊ असल्याने टँकचा पीएच त्यामुळे झपाट्याने कोसळू शकतो, आणि आम्लधर्मी पाण्यात तुरटीतून विरघळलेले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना अपायकारक असते. घरातल्या हंड्यात जे चालते ते मासे असलेल्या टँकमध्ये चालत नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला नळालाच गढूळ पाणी येऊ लागले, तर त्या आठवड्यात पाणी बदलणे शक्यतो टाळावे, किंवा ते पाणी बादलीत रात्रभर ठेवून तळचा गाळ न हलवता वरचे तेवढेच घ्यावे. सोसायटीच्या टाक्या साफ होण्याच्या दिवसाचीही माहिती ठेवावी. तळातली आणि गच्चीवरची टाकी धुतल्यावर बऱ्याच ठिकाणी ब्लीचिंग पावडर वापरली जाते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत नळाच्या पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. अँटी-क्लोरीनची नेहमीची मात्रा तेव्हा पुरत नाही. सूचनाफलकावर ती नोटीस दिसली की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवाव्यात.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढू लागते. पाणी तोपर्यंत बहुधा स्वच्छ झालेले असते, कारण सुटे अन्न संपल्याने तरंगणारे जिवाणू कमी होतात आणि त्यांना खाणारे सूक्ष्मजीवही वाढलेले असतात. नेमक्या याच टप्प्यावर लोक बेफिकीर होतात आणि नवे मासे आणतात. नायट्राइट माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता बिघडवते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही मासा धापा टाकतो आणि त्याचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. यावर स्वस्त आणि खात्रीचा आधार मिठाचा आहे, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून अडवते. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे या टँकला सुमारे तीस ग्रॅम खडे मीठ पुरते. ते मगभर पाण्यात विरघळवून दोन-तीन वेळा थोडे थोडे करून घालावे, आणि पुढे पाणी बदलताना जेवढे पाणी काढले तेवढ्याच पाण्याचे मीठ पुन्हा घालावे. गोल्डफिश आणि मॉली हे सहज सोसतात. कोरीडोरससारखे तळाशी राहणारे मासे किंवा नाजूक पाणवनस्पती असतील, तर मात्र मिठाऐवजी पाणी बदलण्यावर भर द्यावा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागले, की साखळी बसली असे समजावे. त्यानंतर आठवड्याला एक बादली पाणी बदलणे पुरते. पुढे एखादे वेळी पाण्यावर पुन्हा हलकी पांढुरकी झाक आली, तर तिचे कारण बहुतेक वेळा नजरेसमोर असते: दगडामागे मेलेला मासा, चुकून सांडलेले दाणे, आतला स्पंज, नळ्या असे सगळेच एकाच वेळी बदललेला फिल्टर, किंवा एकदम आणलेले पाच-सहा मासे. कारण दूर करावे, दोन दिवस दाणे थांबवावेत, अमोनिया पाहावा. टँक रिकामा करू नये.

राहिला प्रश्न माशांच्या संख्येचा, आणि इथे दुकानदाराने तुम्हाला नीट सल्ला दिला नाही असे मला वाटते. विकताना अंगठ्याएवढा दिसणारा गोल्डफिश चांगला वाढला तर सहा इंचांच्या पुढे जातो, आणि इतर लहान माशांच्या तुलनेत फार विष्ठा करतो. साठ लिटरमध्ये चार गोल्डफिश म्हणजे फिल्टरला आयुष्यभर पुरून उरेल एवढे काम. शिवाय गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि मॉलीला उबदार, थोडे जड पाणी आवडते, त्यामुळे ही जोडी फारशी जमणारी नाही. मुंबईच्या तापमानाला या टँकमध्ये मॉली, गप्पी, प्लॅटी यांचा छोटा थवा हिटरशिवायही सुखाने राहील. दोन गोल्डफिश आत्ताच ओळखीत कोणाच्या मोठ्या टँकमध्ये द्यावेत किंवा दुकानदाराला परत घ्यायला सांगावे. बरेच दुकानदार पैसे देत नाहीत, पण मासे ठेवून घेतात. उरलेल्या दोघांसाठी पुढच्या वर्षभरात तीन फुटी टँक घेण्याची तयारी नसेल, तर चारही द्यावेत. पवई तलावात, विहिरीत किंवा उद्यानातल्या हौदात ते सोडू नयेत, कारण बाहेरून आलेले मासे तिथल्या मूळ माशांचे अन्न आणि अंडी खातात आणि आपले रोगही सोबत नेतात. आणि नवे मासे कितीही आवडले, तरी अमोनिया व नायट्राइटची वाचने आठवडाभर शून्य येईपर्यंत आणू नयेत. त्यानंतरही एका वेळी दोन-तीनच आणावेत आणि पुढचे आणण्याआधी दोन आठवडे जाऊ द्यावेत.